गठ्ठा भरेपर्यंत

ऑफिसात त्यांना सगळे वॅटराव म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहाच्या किटलीचा प्लग उपसला, भिंत आणि किटलीच्या मधे खिशातला छोटा मीटर बसवला आणि पाणी उकळेपर्यंत आकड्याकडे टक लावून उभे राहिले. मागे कप हातात घेऊन माणसं ताटकळली होती. मदत केंद्रावरच्या बाई, ज्या दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेत आणि म्हणून ज्यांच्या जिभेला धार होती, त्या मागून म्हणाल्या, "वॅटराव, झालं का? की गारच पिऊ?" लोक हसले आणि नाव चिकटलं. वॅटरावांना ते आवडलं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

घरचं तर विचारूच नका. फ्रिज उघडायचा तो काय काढायचं ते ठरवून. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद झाला नाही तर जेवताना भाषण. आणि सगळ्यांत कडक कायदा कपडे धुण्याच्या मशीनचा: ते पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही. अर्ध्या मशीनला जवळपास तेवढीच वीज आणि तेवढंच पाणी लागतं, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणजे आकड्यांना घाबरणारी नव्हती. पण उद्या घालायचे कपडे आज मशीनच्या पोटात पडून राहिले की तिचं डोकं फिरायचं. एकदा तिनं कपाटातल्या धुतलेल्या दोन चादरी काढून मशीनमधे कोंबल्या आणि म्हणाली, "घ्या, भरलं तुमच्या मशीनचं पोट. आता लावू?" वॅटरावांनी निमूट मशीन लावलं. कायदा मात्र तसाच राहिला.

घरात तिसऱ्या, वॅटरावांच्या आई. गुडघे दुखरे, बोलणं कमी. रक्त पातळ करणारी एक गोळी त्यांना चालू होती. ती गोळी दर आठवड्याला रक्त तपासून, आठवड्यापुरतीच मिळायची, मोठ्या दवाखान्याच्या औषधखिडकीवर. दोघंही नोकरीवर, त्यामुळे आई एकट्याच जात. "सकाळी जाऊ नकोस, मरणाची गर्दी असते. दुपारी जा, कोणी नसतं," असा सल्ला वॅटरावांनीच दिला होता. आई तो निमूटपणे पाळत होत्या.

आता कामाचं. औषधं बनवणारे, घाऊक विकणारे, गाड्यांतून पोचवणारे आणि दवाखाने, अशा नऊ संस्थांचं मिळून एक खातं होतं. पूर्वी बाजारात बनावट गोळ्या शिरल्या की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून हात झटकायचा. कुणाचा कुणावर विश्वास नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की खातं एकच ठेवायचं, पण त्याची प्रत सगळ्यांकडे. औषधाचं पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की देणाऱ्यानं आपली इलेक्ट्रॉनिक सही करायची आणि बाकीच्यांच्या मशीननी ती खरी आहे का ते तपासायचं. अशा नोंदींचा गठ्ठा बांधायचा आणि प्रत्येक गठ्ठा आधीच्या गठ्ठ्याला कायमचा अडकवायचा. ब्लॉकचेन म्हणतात ते हेच. ते चालवण्याचं काम वॅटरावांच्या कंपनीकडे होतं. नव्या माणसाला समजावताना वॅटराव खुर्चीत ताठ होत आणि म्हणत, "यात एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे कुणीही एकट्यानं, गुपचूप, काहीही बदलू शकत नाही. मीसुद्धा नाही." हे वाक्य त्यांचं फार लाडकं होतं.

खोट एकच होती. सह्या तपासणं म्हणजे अवजड गणित. नऊ ठिकाणचे सर्व्हर तेच गणित पुन्हा पुन्हा करत आणि तापत. त्यांना थंड ठेवायला वेगळी यंत्रं घोंघावत राहत. सर्व्हरच्या खोलीत शिरलं की वॅटरावांचा हात खिशातल्या मीटरकडे जायचा. एवढी वीज, आणि निम्मी नुसती खोली तापवायला आणि पुन्हा गार करायला! मग त्यांनी वर्षभर खपून सह्या तपासण्याचं एकच एक काम करणारी कार्डं आणवली. सर्व्हरचा नेहमीचा प्रोसेसर सगळी कामं करतो आणि म्हणून कुठलंच काटकसरीनं करत नाही. या कार्डाला दुसरं काही येतच नव्हतं, पण हे एक काम ते इतक्या थोड्या विजेत उरकायचं की पहिल्यांदा आकडा बघून वॅटरावांनी मीटर बदलून पाहिला.

त्यातही एक मेख होती. कार्डाचा फायदा गठ्ठा भरलेला असला तरच. चार-दोन सह्यांसाठी ते जागं केलं की बचत गेली कुठल्या कुठे. वॅटरावांना हा प्रश्न घरचाच होता. त्यांनी नियम बदलायला सुचवलं: गठ्ठा भरेपर्यंत थांबायचं. नोंदी कमी आल्या तर किती वेळ वाट बघायची, ती मर्यादा त्यांनी चांगली ऐसपैस वाढवली. मग चाचणी घेतली. एका गर्दीच्या सकाळच्या सगळ्या नोंदी साठवल्या आणि नव्या मशीनवर त्याच सोडल्या. गठ्ठे भराभर भरले, कार्डं पळाली, वीज निम्म्याहून खाली आली. नऊही संस्थांनी नियमाला सह्या दिल्या. संचालकबाईंनी भर सभेत वॅटरावांची पाठ थोपटली. कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात त्यांनी भाषण करायचं आणि तो बचतीचा आकडा मोठ्या फलकावर दर्शनी दालनात लागायचा, असं ठरलं.

मदत केंद्रावरच्या बाई एकदा त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या होत्या, "वॅटराव, दुपारचे फोन वाढलेत. औषधखिडक्यांवर पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहतं म्हणतात."

"सरासरी बघितलीत का?" वॅटराव म्हणाले. त्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. सरासरी वाट बघण्याचा वेळ अगदी नगण्य होता. "लोकांना तक्रारीची सवयच असते."

"सरासरी मला फोन करत नाही," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. वॅटरावांना तो टोमणा आवडला आणि त्यांनी तो तिथेच सोडून दिला.

मग एका आठवड्यात आई दवाखान्यातून इतक्या उशिरा आल्या की बायको शाळेतून येऊन चहा पिऊन बसली होती. आईंचे पाय सुजले होते. "वेळ लागतो रे हल्ली," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी वॅटरावांनी दुपारची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले.

औषधखिडकी एका लांब बोळाच्या टोकाला होती. तीन खिडक्या, त्यांतल्या दोन पुठ्ठा लावून बंद, तिसरी उघडी. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं आणि ती भरलेली. बाकांवर मावली नाहीत ती माणसं भिंतीला टेकून रांगेत. एक बाप झोपलेल्या मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. दुपारी कोणी नसतं म्हणे! आई एका बाजूला सरकल्या आणि वॅटराव रांगेत उभे राहिले.

खिडकीत एक मध्यमवयीन बाई होती. उभी होती. ती पाकीट उचलायची, त्यावर लाल दिव्याचं यंत्र धरायची, टिक् व्हायचं, आणि मग ती नुसती समोर बघत उभी राहायची. हात रिकामे. बराच वेळ. मग त्याच पाकिटावर पुन्हा टिक्, आणि पुन्हा तेच. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "झोपली वाटतं." दुसरं म्हणालं, "रोजचंच आहे हो, हिची खिडकी म्हणजे शिक्षा आहे." वॅटरावांना वाया जाणारी कुठलीही गोष्ट बघवत नसे. रिकामा हात तर नाहीच नाही. त्यांचा पारा चढत गेला आणि शेवटी ते रांग सोडून पुढे गेले.

"बाई, नुसत्या उभ्या काय राहिलात? हात चालवा जरा!"

ती दचकली. "होतंय साहेब. दोनच मिनिटं."

"दोन मिनिटं कसली? मघापासून बघतोय मी. पाकीट उचलता आणि शून्यात बघत बसता. इथे म्हातारी माणसं उभी आहेत, लहान मुलं आहेत. तुमच्या घरचं कोणी असं उभं असतं तर चाललं असतं का?"

रांगेतून "बरोबर आहे, बरोबर आहे" असा आवाज उठला. वॅटरावांना आणखी जोर चढला. आरडाओरडा ऐकून आतून औषध विभागाचे पर्यवेक्षक आले, चष्मा कपाळावर चढवलेला. "तक्रारी आहेतच हिच्या," ते कंटाळून म्हणाले. "या महिन्याच्या शेवटी हलवतोय तिला. खाली तळघरात, खोकी लावायला."

"बरंच होईल," वॅटराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अशा माणसांना खिडकीवर ठेवूच नये."

 त्या बाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि तिनं पुढचं पाकीट उचललं.

आईंचा नंबर आला तेव्हा वॅटराव कागद द्यायला खिडकीत वाकले. काचेच्या कडेनं तिचा पडदा तिरका दिसत होता. त्यावर एक चाक फिरत होतं आणि चाकाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: गठ्ठा भरण्याची वाट पाहत आहे, कृपया थांबा.

ती ओळ वॅटरावांनी स्वतः लिहिली होती. 'कृपया' घालावं की नाही यावर त्यांनी विचारही केला होता.

 चाक फिरत राहिलं. बाई हात जोडल्यासारखे एकमेकांत अडकवून उभी राहिली, कारण तिला करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. चाक थांबलं, हिरवी खूण आली, तिनं त्याच पाकिटावर पुन्हा यंत्र धरलं. टिक्. पुन्हा चाक.

"झालं का रे?" मागून आईंचा आवाज आला. वॅटराव वळले. आई खिडकीच्या बाजूच्या दाराशी एका उंच लोखंडी स्टुलावर बसल्या होत्या.

"हे कुठून आणलंस?"

"तिचंच आहे ते," आईंनी हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. "बाक भरलं की देते मला. मी नसले तर दुसऱ्या कुणाला तरी. मग स्वतः उभी राहते दिवसभर. किती सांगितलं, ऐकत नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तू उगीच बोललास तिला."

वॅटरावांनी औषध घेतलं. बाईनं त्यांच्याकडे न बघता आईंना हाक दिली, "आजी, आजही उशीर झाला हं, रागावू नका."  खरं सांगायचं तर तेव्हाच, तिथेच, रांग उभी असताना बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण वॅटराव आईंचा दंड धरून, मान खाली घालून बोळातून बाहेर पडले. बापाच्या खांद्यावरची मुलगी आता जागी होऊन त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी दुपारच्या नोंदी वेगळ्या काढल्या. सकाळी नऊही संस्थांकडून नोंदींचा पूर येतो, गठ्ठा क्षणात भरतो, कुणाला काही जाणवत नाही. दुपारी नोंदी ठिबकतात. खिडकीवरच्या एका पाकिटासाठी तीन नोंदी लागतात: कोठारातून आलं, खिडकीवर आलं, रुग्णाला दिलं. आधीची नोंद गठ्ठ्यात गेल्याशिवाय पुढची घेता येत नाही. म्हणजे एका पाकिटाला तीनदा वाट बघणं, आणि रुग्णाकडे चार औषधं असली तर बारा वेळा वाट बघून होईपर्यंत तो उभाच. सकाळच्या लाखो नोंदींमधे मिसळल्यावर ही दुपारची माणसं सरासरीत कुठे दिसणार! वॅटरावांनी चाचणी सकाळच्या गर्दीवर घेतली होती. आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना गर्दी नको म्हणून दुपारी पाठवणारे मुलगे त्यांच्यासारखेच घरोघर होते.

त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं हाक मारली तरी त्यांनी वर बघितलं नाही. चूक झाली याची लाज एवढी नव्हती. चुका होतात. आपण केलेल्या उशिरासाठी आपणच दुसऱ्या कुणाला तरी भर रांगेत झोडपलं, आणि झोडपताना आपल्याला बरं वाटत होतं, याची लाज होती. ती आठवण आली की त्यांचे कान गरम व्हायचे.

मग त्यांनी काय करावं? माणसं करतात तेच. गुपचूप निस्तरायला बघितलं. वाट बघण्याची मर्यादा पूर्वीसारखी खाली आणायची, कुणाला कळायच्या आत. त्यांनी तो आकडा बदलला आणि पुढे जायचं बटण दाबलं. सिस्टीमनं नेहमीच्या शिस्तीत विचारलं: हा नियम सर्व सभासदांचा आहे. बदलाचं कारण लिहा आणि बाकीच्यांच्या सह्या घ्या. इथे कुणीही एकट्यानं, गुपचूप, काहीही बदलू शकत नाही. वॅटराव त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. हे कुलूप त्यांनीच मोठ्या प्रेमानं बसवलं होतं.

घरी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, स्टुलासकट. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "बाईला बोललात ते कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग हेही सगळ्यांसमोर सांगा. अहो, यात विचार काय करायचाय?"

विचार करायचा होता. मेळावा तोंडावर आला होता, फलक छापून दालनात लागलाही होता. आठवड्याच्या सभेला नऊही संस्थांची माणसं पडद्यावर आली. संचालकबाईंनी सुरुवातच वॅटरावांच्या कौतुकानं केली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वॅटरावांनी घसा खाकरला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "यात सगळ्यांचाच हात आहे." लोकांना तो विनय वाटला. सभा संपली. त्या दिवशी वॅटराव जिना उतरताना दर्शनी दालनाकडे न बघता उतरले.

त्याच आठवड्यात आई औषध घेऊन आल्या. दारातच बसल्या आणि पाय चोळू लागल्या. पाय आधीपेक्षा जास्त सुजले होते. वॅटरावांनी विचारलं, "आज स्टूल नव्हतं का?"

"होतं की. ती देत होती."

"मग?"

"मी घेतलं नाही." आईंनी चप्पल एका बाजूला सरकवली. "कुठल्या तोंडानं घेऊ? तिला कळलंय, तू माझा मुलगा आहेस. तरी देत होती रे ती."

आई रागानं बोलल्या असत्या तर वॅटरावांना सोसलं असतं. त्या नुसत्या थकून बोलल्या. मुलाच्या वागण्यापायी त्या दुपारभर उभ्या राहिल्या होत्या. वॅटरावांना वाटलं, भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्यांनी आईंच्या पायाशी बसून पाय दाबायला हात पुढे केला. आईंनी पाय हळूच मागे घेतला. "असू दे," त्या म्हणाल्या.

सकाळी ते थेट संचालकबाईंच्या खोलीत गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "वॅटराव, मर्यादा खाली आणली तर बचत किती उरेल?"

"सकाळची राहील. दुपारी कार्डं जवळपास रिकामीच जागी राहतील. फलकावरचा आकडा खोटा पडेल."

"मेळावा होऊन जाऊ दे. मग बदलू. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तोपर्यंत महिना संपेल," वॅटराव म्हणाले, "आणि ती बाई तळघरात जाईल. माझ्यामुळे." त्यांचा आवाज चिरकला आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "बोलवा सभा. पण भाषण तुमचं रद्द, हे लक्षात घ्या."

नऊ चेहरे पुन्हा पडद्यावर आले. वॅटरावांनी तयारी करून आणलेलं वाचायला घेतलं: कमी भाराच्या कालखंडात प्रतीक्षेचं असमान वितरण झाल्याचं निदर्शनास आलं आहे. मोठ्या दवाखान्याचा माणूस कानामागे हात धरून म्हणाला, "सर, म्हणजे नेमकं काय झालं?"

वॅटरावांनी कागद उलटा ठेवला. "म्हणजे मी तुमच्या खिडक्यांवर माणसं उभी करून वीज वाचवली," ते म्हणाले. "गठ्ठा भरेपर्यंत त्यांना थांबवलं. मला वाटलं वेळ कुणाचाच जात नाही. चाचणी मी सकाळच्या गर्दीवर घेतली, दुपारची घेतलीच नाही. मदत केंद्रानं सांगितलं होतं, मी उडवून लावलं. आणि तुमच्या खिडकीवरच्या बाईंना मी स्वतः येऊन सगळ्यांदेखत बोललो, की तुम्ही हळू काम करता. त्या हळू नव्हत्या. माझं मशीन थांबलेलं होतं. तुमच्या पर्यवेक्षकांना हे आजच सांगा, माझ्या नावानिशी."

 एका कारखान्याच्या माणसानं आपला कॅमेरा बंद केला. मदत केंद्रावरच्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्याकडून टोमणा येईल म्हणून वॅटराव वाट बघत होते. बाईंनी फक्त पाण्याचा पेला पुढे सरकवला. टोमणा परवडला असता.

सह्या एकेक करत आल्या. शेवटची, गाड्या चालवणाऱ्या संस्थेची, येता येईना. त्यांचा माणूस कुठेतरी रस्त्यात होता. वॅटराव पडद्यासमोरून उठले नाहीत. जेवायलाही गेले नाहीत. दुपार कलली तेव्हा ती सही आली, मर्यादा खाली आली, आणि मीटरवरचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत वर चढला. वर्षभराच्या कामातली निम्म्याहून अधिक बचत तिथल्या तिथे गेली. कार्डं आता दुपारी रिकाम्या मशीनसारखी फिरणार होती, चार कपड्यांसाठी. त्यावर दुसरा काही उपाय असेल तर तो नव्यानं शोधायचा होता. संध्याकाळपर्यंत दालनातून फलक हलवला गेला. भिंतीवर त्याचे चार खिळे तेवढे राहिले.

दोन दिवसांनी दुपारी वॅटराव दवाखान्यात गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत पक्कं केलं होतं. रांगेत मधोमध उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं, की त्या दिवशी या बाईंना मी बोललो ते चूक होतं, दोष माझा होता. लोक हसतील, शिव्या देतील, देऊ देत. ऐकणारे जितके जास्त तितकं बरं, असं त्यांना वाटत होतं. मनातल्या मनात त्यांनी त्या भरलेल्या बाकांची जवळजवळ आस धरली होती.

ते बोळात शिरले. बाकं रिकामी होती. खिडकीवर एकच म्हातारे गृहस्थ होते. टिक्, टिक्, टिक्, आणि पिशवी हातात घेऊन ते वॅटरावांच्या बाजूनं निघूनही गेले. आता कुणाला थांबावंच लागत नव्हतं. खिडकीत बाई आपल्या स्टुलावर बसली होती.

वॅटरावांना बघताच ती झटकन उतरून उभी राहिली. हात यंत्राकडे गेला, समोर पाकीट नसतानाही.

"नाही, औषध नको," वॅटराव घाईनं म्हणाले. "मी सांगायला आलोय." मग त्यांनी सांगितलं. मशीन कुणाचं, नियम कुणाचा, चाकाखालची ती ओळ कुणाची. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लवकर सांगून झालं. "माझं चुकलं, ताई," ते शेवटी म्हणाले. "मला माफ करा."

 पाकिटांची चळत तिनं उगीचच सरळ केली.

"तळघराची बदली रद्द, एवढंच सांगितलं मला. म्हणजे माझा हात हळू नव्हता?"

"नव्हता."

"मला वाटलं माझाच," ती म्हणाली. "मी चष्मा बदलला. रोज घरी गेल्यावर पोरीला पाकिटं पुढे करायला लावायचे आणि हात चालवायची सवय करायचे. पोर म्हणायची, आई, तू एवढी जोरात करतेस, तरी ते का ओरडतात?" ती हसली नाही. तिनं वॅटरावांच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या बाकांकडे बघितलं. "त्या दिवशी सगळे होते ना इथे."

वॅटरावांनीही वळून बघितलं. भिंतीला माणसं टेकत होती तिथे खांद्याएवढ्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला होता, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणूस एकही नव्हतं.

"बसा ना तुम्ही," त्यांना दुसरं काही सुचेना म्हणून ते म्हणाले. "आता उभं राहायची गरज नाही."

"बसेन की, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की बसेन."

वॅटराव निघाले. बोळ लांब होता. मागे स्टूल सरकल्याचा आवाज येतो का, म्हणून ते शेवटपर्यंत कान देऊन चालत राहिले.